एकही वचन गाळायचं नाही

रेल्वे लाईनच्या कडेला खडी साठते. ती कोणी मुद्दाम रचत नाही. गाड्या जातात, खडे सरकतात, ढीग होतो. किस्स्यांचंही तसंच. चार माणसं दर रविवारी एका ओटीवर बसली, आणि सात पावसाळे बसत राहिली, की किस्से होणारच. मी किस्से जमवायला बसलो नव्हतो. मी बायबल वाचायला बसलो होतो.

माझं शिक्षण चौथी. लहानपणी बापाबरोबर मिठागरात, नंतर रेल्वेत गँगमन, शेवटी कीमन. कीमन म्हणजे आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी चालत तपासणारा माणूस. हातात हातोडा, खांद्याला दोन झेंडे. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकायची. कासू स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे माझी हद्द. रिटायर झालो तरी कासूलाच राहिलो. आयुष्यभर मान खाली घालून चाललो, पण ती रूळ बघायला. माणसापुढे नाही!

*

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो.

आमचं चर्च पेणला. लहानसं, पत्र्याचं. तिथे रविवारचा उतारा पुढे स्टँडवर उभं राहून वाचायचा मान असतो. कोणी कधी वाचायचं त्याची लिस्ट दाराशी लावतात. लिस्टमध्ये नाव यायचं तर कमिटीची अट, दहावी पास. माझं नाव त्या लिस्टमध्ये कधीच आलं नाही. रिबेकाबाईचा तर प्रश्नच नव्हता. रिबेकाबाई म्हणजे पेणला पोह्याचे पापड करून विकणारी विधवा बाई. शाळेची पायरी चढलेली नाही. जीभ मात्र पापडातल्या मिरीपेक्षा तिखट.

मग नवे पास्टर आले. तरुण, पनवेलचे, स्वभावाने बरे. त्यांनी मोबाईलवर एक प्लॅन दाखवला. एका वर्षात बायबल! रोज सकाळी टिंग वाजणार, उतारा येणार, अवघड पुस्तकांचा फक्त सारांश येणार.

"कोणाकोणाला घ्यायचाय?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला.

पास्टर हसून म्हणाले, "काका, तुम्ही नुसतं ऐका. त्यात आवाजाची सोय आहे."

सगळं चर्च हसलं. मी उभा राहिलो.

"सारांश नको. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचीन. मोठ्याने. एकही वचन गाळणार नाही. पुरं केलं तर स्टँडवर उभं कराल?"

"काका, भलेभले तिसऱ्या पुस्तकात दमतात."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

पास्टरांचं हसू जरा कमी झालं. "बरं. पुरं केलंत तर शेवटचा अध्याय स्टँडवरून तुम्हीच वाचा."

मागून रिबेकाबाई म्हणाली, "तुम्ही म्हंजे कोण? एकटा दादा, का आमीपन?"

"जो पुरं करेल तो," पास्टर म्हणाले.

"ऐकलंत गो बायांनो?" ती बायकांच्या बाजूला वळून म्हणाली. "नंतर नाय म्हनू नका!"

*

आम्ही चौघं झालो. मी, रिबेकाबाई, विलास आणि शमुवेल सर. विलास पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला. सर रोह्याचे, हायस्कूलमधून रिटायर झालेले. त्यांचं नाव लिस्टमध्ये पहिलं असायचं, तरी ते आमच्यात आले. का, ते मी विचारलं नाही.

नियम मी केले. दर रविवारी दुपारी माझ्या ओटीवर चार अध्याय. प्रत्येकाने पाळीपाळीने दहा वचनं वाचायची. वचन म्हणजे अध्यायातली आकडा घातलेली एकेक ओळ. रिबेकाबाईच्या पाळीला सरांनी एकेक वचन हळू सांगायचं आणि तिने ते मोठ्याने म्हणायचं. कोणी आलं नाही तर त्या दिवशी वाचन नाही. तिघांनी पुढे जायचं नाही.

सर म्हणाले, "याकोबराव, अशाने आपण म्हातारे होऊ."

मी म्हटलं, "आत्ता काय आहात?"

*

पहिल्याच पुस्तकात जुन्या माणसांची यादी आहे. एकेक जण आठशे-नऊशे वर्षं जगलेला. प्रत्येकाबद्दल लिहिलेलं मात्र एवढंच, की तो इतकी वर्षं जगला, त्याला मुलं झाली आणि तो मेला.

विलास वैतागला. "नऊशे वर्सं जगला आनि सांगन्यासारखं कायच नाय?"

सर समजावायला लागले की त्या काळी लिहिण्याची पद्धत वेगळी होती, वंशावळीला महत्त्व होतं, वगैरे.

रिबेकाबाई म्हणाली, "कशाला एवढं? माझ्या नवऱ्याचं लिवायला बसलात तर एवढंच लिवाल!"

*

दुसऱ्या पुस्तकात दहा आज्ञा येतात. त्यातली एक मूर्ती करू नये म्हणून सांगते. ती ज्याला माहीत नाही असा ख्रिस्ती माणूस नाही. आणि विलासचं काम काय, तर आखणी. म्हणजे गणपतीचे डोळे रंगवायचे. कारखान्यात ते काम दोघा-तिघांनाच देतात. हात हलला तर अख्खी मूर्ती वाया.

चर्चमध्ये त्याच्यामागे कुजबुज कायम असायची. तोंडावर कोणी बोलत नव्हतं, कारण चर्चचा पत्रा त्यानेच फुकट रंगवलेला.

पाळी अशी आली की ती आज्ञा बरोबर विलासच्याच दहा वचनांत पडली. सगळ्यांच्या आधीच लक्षात आलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "विलास, आज घसा बसलाय ना तुझा? मी वाचतो."

"घसा बरा हाय," विलास म्हणाला. "पाळी माझी हाय."

त्याने वाचलं. खणखणीत. त्या आज्ञेपाशी आवाज खाली नेला नाही की घाई केली नाही. दहा वचनं झाली, पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "उद्या आठला आखनीवर बसतोय मी. लपून नाय बसत. ज्याला बघायचंय त्याला दिसतंय."

 पुढची पाळी माझी होती. मी वाचलं.

पुढच्या आठवड्यात चर्चमधले एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही वडीलधारे. त्याला समजावत का नाही?"

मी म्हटलं, "मी तीस वर्षं चाव्या ठोकल्या. गाडीत बसून कोण कुठे जातो, हे मला रेल्वेने कधी विचारलं नाही."

*

ह्याच विलासचा दुसरा किस्सा. गणपतीच्या आधी दोन महिने कारखान्यात रविवारची सुट्टी बंद. मालक कडक. विलास त्याला म्हणाला, "रविवारी दुपारी मी कासूला जानार. मी नाय गेलो तर तिघांचं वाचन थांबतंय."

मुकादम पुढे सरसावला. "शेठ, ह्याला सोडला तर उद्या सगळेच सुट्टी मागतील. आनि हा जातो कुठं ठाव हाय ना? बायबल वाचायला!"

शेठ कपाळाला गंध लावून गल्ल्यावर बसलेला. हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाला, "जाऊ दे त्याला. रविवारी वाचून आला की सोमवारी ह्याचा हात हालत नाय."

*

तिसरं पुस्तक. पास्टर म्हणाले होते इथे लोक दमतात. खरं आहे. कुठला बळी कसा कापायचा, चरबी कुठे जाळायची, अंगावरचा डाग कसा बघायचा. पानंच्या पानं.

सर दमले. म्हणाले, "याकोबराव, हे मी घरी वाचून येतो आणि तुम्हाला थोडक्यात सांगतो."

"सर," मी म्हटलं, "आमच्यात एक नवीन कीमन आला होता. पाऊस होता म्हणून मधला एक किलोमीटर चालला नाही. बाकी सगळा चालला. संध्याकाळी रजिस्टरवर सही करायला माझ्याकडे आला."

"मग?"

"मग काय? मी त्याला परत पाठवला. त्याच पावसात."

सरांनी चष्मा लावला.

त्याच पुस्तकात घराच्या भिंतीचा नियम आहे. भिंतीवर हिरवट डाग दिसले तर याजकाला, म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला बोलवायचं. त्याने बघून घर सात दिवस बंद करायचं. डाग पसरला तर दगड काढायचे, गिलावा खरवडायचा. तरी पुन्हा आला, तर घर पाडायचं!

हे आम्ही वाचलं श्रावणात. बाहेर धो धो. ओटीची मागची भिंत खालपासून वरपर्यंत हिरवीगार. सर त्या भिंतीलाच टेकून वाचत होते. वाचता वाचता थांबले, हळूच मान वळवली आणि पाठ भिंतीपासून दूर घेतली.

रिबेकाबाई म्हणाली, "हा नियम पाळला तं पेनपासून रोह्यापर्यंत एक घर शिल्लक नाय रहायचं!"

विलास मला म्हणाला, "काका, पास्टरला बोलवू का? याजक म्हनून?"

"दिवाळीला चुना लावतो," मी म्हटलं. "पुढचं वचन वाच."

तिसरं पुस्तक संपलं त्या रविवारी मी पास्टरांना निरोप पाठवला. 'दमलो नाही.' एवढाच.

*

एका पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदी वर आली. गाड्या बंद, रस्ता बंद. सर रोह्याला अडकले. तीन रविवार वाचन नाही. चौथ्या रविवारी विलास म्हणाला, "सरांला फोन लावू. तिकडून वाचतील."

मी विचार केला. नियम काय? चौघं हवीत. चौघांचा आवाज आला तर चौघं आहेत. लावा फोन.

आवाज बारीक येत होता. रिबेकाबाईने आतून मोठं पातेलं आणलं आणि फोन त्यात उभा केला. आता आवाज असा घुमला की शेजारचे बघायला आले.

वाचत होतो ते एका संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या माणसाचं. राजाच्या माणसांना त्याचं बोलणं आवडेना, म्हणून त्यांनी त्याला दोरांनी कोरड्या विहिरीत उतरवलं. खाली पाणी नाही, नुसता चिखल. तो चिखलात रुततो. आणि हे सगळं सरांच्या आवाजात पातेल्याच्या तळातून येतंय!

रिबेकाबाई पातेल्यात वाकली आणि ओरडली, "सर, दोर टाकू काय?"

दहा मिनिटं वाचन थांबलं. पातेल्यातून सरांच्याही हसण्याचा आवाज येत होता.

ही गोष्ट पास्टरांच्या कानावर गेली. पुढच्या रविवारी खूश होऊन म्हणाले, "बघा काका, शेवटी मोबाईलच कामाला आला!"

"मोबाईल आला," मी म्हटलं. "सारांश नाही आला."

*

एक पुस्तक प्रेमाच्या गाण्यांचं आहे. नवरा बायकोच्या रूपाचं वर्णन करतो. केस, दात, मान आणि पुढचं सगळं. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे रूपक आहे," ते म्हणाले. "आणि इथे बाई बसलेल्या आहेत. हे ज्याने त्याने मनात वाचलं तर..."

"मना मनात कसं वाचता येनार?" रिबेकाबाई म्हणाली. "वाचा, सर. गालायचं नाय ठरलंय. मोठ्यानं!"

सरांनी वाचलं. भूगोलाच्या पुस्तकातली नद्यांची नावं वाचावी तसं. संपल्यावर त्यांनी घाम पुसला.

रिबेकाबाईने विचारलं, "सर, बाईंशी लग्नानंतर असंच बोललात काय?"

"इतकंसुद्धा नाही," सर म्हणाले.

सरांची बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ते पुन्हा ते पान उघडून बसले. आम्ही पाच मिनिटं थांबलो. वाचन पुढे नेलं नाही.

*

आता माझ्या आवडीचं. मी उपदेश करत नाही, पण हे सांगणारच.

एक अध्याय आहे त्यात शहराचा पडलेला कोट पुन्हा बांधतात. अख्खा अध्याय म्हणजे नुसती नावं. अमक्याने ही वेस दुरुस्त केली, त्याच्या शेजारी तमक्याने, त्याच्या शेजारी आणखी कोणी. सोनाराने, अत्तरवाल्याने. सर म्हणाले, "ह्या अध्यायावर मी आयुष्यात एकही प्रवचन ऐकलेलं नाही."

मी म्हटलं, "कारण प्रवचन देणाऱ्याने कधी गँगमध्ये काम केलं नाही. हा हजेरीचा मस्टर आहे!"

तो अध्याय मी सगळा एकट्याने वाचला. मीच माझा नियम मोडला, त्याची कबुली देतो. नावं अवघड. अडखळलो की मागे जाऊन पहिल्यापासून घेत होतो. तास गेला.

विलास म्हणाला, "काका, एखादं नाव तोडकंमोडकं झालं तं काय बिघडतंय? मेलीत ती मान्सं."

"तुझं नाव मस्टरवर चुकीचं लिहिलं तर?"

"खाडा पडंल."

"मग गप बस. मी कोणाचा खाडा पाडणार नाही."

त्यातच एक ओळ आहे की काही बडे लोक कामाला मान वाकवायला तयार झाले नाहीत. विलास खूश झाला. "तेव्हापन साहेब लोक होते!" आणि एका माणसाबद्दल लिहिलंय की त्याने आणि त्याच्या मुलींनी मिळून आपला भाग बांधला. रिबेकाबाईने मला थांबवलं.

"परत वाच, दादा."

मी परत वाचलं.

"पोरींची नावं?"

"दिलेली नाहीत."

"बापाचं हाय?"

"आहे."

"दगड पोरींनी उचलले आनि नाव बापाचं," ती म्हणाली. "जाऊ दे. उचलले हे तं लिवलंय. वाच पुढं."

*

एका पुस्तकात एक भला माणूस आहे. त्याची गुरं जातात, पोरं जातात, अंगाला फोड येतात. तो राखेत बसून देवाशी भांडतो. मऊ बोलत नाही. जाब विचारतो. हा माणूस मला पहिल्यापासून पटला.

त्याला समजावायला मित्र येतात. आधी तिघं, मग चौथा. देव न्यायी आहे, तुझंच काहीतरी चुकलं असेल, सहन कर, असं प्रत्येक जण लांबण लावतो. आम्हाला ते वाचायला दहा-अकरा रविवार लागले.

रिबेकाबाईचा मोठा मुलगा काविळीने गेला. बावीस वर्षांचा होता. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यावर ती कधी बोलायची नाही. त्या रविवारी चौथ्या मित्राचं बोलणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "हे चौघं माझ्या घरीपन आल्ते. च्या पिऊन गेले."

सर म्हणाले, "पण शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो हं. भांडणारा खरं बोलला, म्हणतो."

"असं लिवलंय?"

"लिहिलंय. पुढे येतं."

"मग बिगीबिगी वाचा," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही चारच्या जागी आठ अध्याय वाचले.

*

सातव्या पावसाळ्यानंतर शेवटचं पुस्तक आलं. शेवटचा अध्याय सोडून बाकी सगळं संपलं, तेव्हा मी पास्टरांकडे गेलो. सोबत तिघंही.

"एकच अध्याय राहिला," मी म्हटलं. "तो स्टँडवर. तुमचा शब्द आहे."

पास्टर उभे राहिले. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "काका, मी तेव्हा हसलो होतो."

"आठवतं मला."

"वाचा. ह्याच रविवारी वाचा."

पण कमिटी बसली. कमिटी म्हणाली, पास्टरांनी शब्द दिलाय तर एकाने वाचावं. चौघांची रांग नको. शमुवेल सर लिस्टमध्ये आहेतच. याकोबकाकांना ह्या वेळी दहावीची अट माफ. विलासचं नंतर बघू. आणि रिबेकाबाईंनी तर वाचलेलंच नाही, ऐकलंय.

सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुमचं काम झालं. आता ताणू नका."

रिबेकाबाई दारात उभी होती. पदर खोचलेला.  ती गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मी विचारलं, "एकानेच वाचायचं?"

"एकानेच."

"कोणी, ते आम्ही ठरवायचं?"

"ठरवा की. वाचणार तुम्हीच ना?"

"मग ती."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्यांना अक्षर येत नाही! स्टँडवर उभ्या राहून करणार काय?"

"सात पावसाळे केलं तेच."

"आणि तुमचा मान?"

"माझ्या मानाची काळजी कमिटीने करू नये."

सर म्हणाले, "मीही हेच म्हणणार होतो." विलासने नुसती मान हलवली.

पास्टरांनी तोड काढली. पूर्वी आमच्यात एक पद्धत होती. एक वचन पास्टर वाचायचे, पुढचं मंडळी म्हणायची. तसंच करू. एक वचन मी, पुढचं बाई. बाई अडल्या तर मी सांभाळून घेतो.

कमिटीने हो म्हटलं. माझा अंदाज, ती अडेल म्हणूनच हो म्हटलं.

महिनाभर रिबेकाबाईने पापड लाटता लाटता तो अध्याय घोकला. दर बुधवारी सर रोह्याहून पेणला यायचे आणि तिच्या अंगणात खुर्ची टाकून एकेक वचन सांगायचे. तिची सून म्हणायची, "सासूबाई, पापड जाड होतायत!" ती म्हणायची, "होऊ देत. ह्या महिन्यात जाडच खा!"

*

तो रविवार. चर्च भरलेलं. दाराशीसुद्धा माणसं उभी. रिबेकाबाई अडते का, हे ज्यांना बघायचं होतं तेही आलेले.

रिबेकाबाई नवी कोरी हिरवी साडी नेसून स्टँडपाशी गेली. माईक तिच्या कपाळावर येत होता. विलासने उठून तो खाली केला. तिच्यापुढे माझं बायबल ठेवलेलं, मोठ्या अक्षराचं. पलीकडे पास्टर, हातात मोबाईल.

पास्टर हळूच म्हणाले, "बाई, पुस्तक उघडा."

"कशाला?" ती म्हणाली. माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. "उघडलं का मना दिसत नाय. मिटलं का सगळं दिसतंय."

मिटलेल्या पुस्तकावर तिने हात ठेवला.

पास्टरांनी पहिलं वचन वाचलं. तिने दुसरं म्हटलं. पास्टरांनी तिसरं. तिने चौथं. आवाज पापड विकतानाचा, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. पाचवं, सहावं. दहाव्यापर्यंत लोक तिच्या तोंडाकडे बघत होते. दहाव्यानंतर आपापल्या पुस्तकात बघून ताडून पाहायला लागले. ती अडली नाही. मी तिसऱ्या बाकावर. माझ्या एका बाजूला सर, त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

अठरावं तिचं होतं. ह्या पुस्तकात कोणी पदरची भर घालू नये, अशी ताकीद त्यात आहे. तिने ते म्हटलं आणि पास्टरांकडे पाहिलं.

पास्टरांनी मोबाईलवर अंगठा सरकवला आणि पुढचं वाचलं.

आता पाळी तिची. ती बोलेना.

 पुढच्या बाकावर सेक्रेटरींनी पायावर पाय टाकला. सरांनी माझा दंड धरला. पास्टर माईकपासून तोंड बाजूला घेऊन प्रेमाने कुजबुजले, "बाई, शेवटचंच आता. मी पहिला शब्द सांगू?"

"नको," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता वाचलंत ते माझं व्हतं."

"अं?"

"ते वीसावं. ते माझं. तुमचं एकोनीसावं. ते गाललंत."

पास्टरांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने मागे सरकवला. मग थोडा पुढे. मग पुन्हा मागे. सगळ्या चर्चमध्ये पानं उलटल्याचा आवाज झाला. पास्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि घसा साफ करून गाळलेलं वचन वाचायला लागले. ह्या पुस्तकातला एकही शब्द कोणी काढून टाकू नये, असं बजावणारं ते वचन त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. 

रिबेकाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हां," ती म्हणाली. "आता माझं."